मशीन बदलायच्या आधी वही काढा: घरच्या एस्प्रेसो मशीनवर कॉफी विकणाऱ्यांसाठी



गेल्या पावसाळ्यात बारामतीहून एका ताईंचा फोन आला. आपल्याच एका बॅचच्या विद्यार्थिनी. घरून केक करतात, सोसायटीच्या खाली छोटा गाळा आहे, आणि वर्षभरापासून तिथे केकसोबत कॉफीही द्यायला लागल्यात. आवाजात घाई होती. "सर, पतसंस्थेचं कर्ज मंजूर झालंय. १ लाख ८५ हजारांचं मशीन घेतेय, परवा ॲडव्हान्स द्यायचाय. एकदा कोटेशन बघता का?"

मी म्हटलं, "बघतो ताई, पण आत्ताच्या मशीनला काय झालंय?"

"घरगुतीच आहे ना सर ते. कॉफी एकदा छान होते, एकदा पाणी. गिऱ्हाईक आता तोंडावर बोलून दाखवतं. मोठ्या मशीनवर असं होत नाही ना?"

"आणि ग्राइंडर कोणता आहे?"

"ग्राइंडर कुठला सर, दळलेलीच पावडर आणते मी."

तिथेच मी त्यांना ॲडव्हान्स थांबवायला सांगितला. कोटेशन न बघताच! राग आला असेल त्यांना. पण ही चूक मी स्वतः पैसे मोजून केलेली आहे, त्यामुळे लांबूनही ओळखू येते. बीबीए करून दुकान टाकलं तेव्हा माझ्या डोक्यात एकच चित्र होतं: काउंटरवर चकचकीत दोन ग्रुपचं मशीन आणि त्यातून येणारी वाफ. मशीन आलं. मग कळलं की ते चालवायला जेवढा विजेचा लोड लागतो तेवढा माझ्या गाळ्याला मंजूरच नाही. कित्येक आठवडे ते खोक्यात पडून होतं आणि हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू. विकणाऱ्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आणि शेवटी चालू झालं तेव्हा ग्राइंडरला पैसेच उरले नव्हते. दोन लाखांच्या मशीनमधून पाकिटातल्या पावडरची पाणीदार कॉफी विकलीये मी.

व्हिडिओत हा विषय दहा मिनिटांत उरकला होता. इथे जरा सविस्तर बघू.

कॉफी मशीन करत नाही, दळण करतं

एस्प्रेसो मशीनचं काम खरं तर साधं आहे. साधारण ९० ते ९६ अंशांचं पाणी, साधारण ९ बार दाबाने, दाबून बसवलेल्या कॉफीच्या चकतीतून ढकलायचं. बस. हा ९ बारचा आकडा रुळला तो १९६१ च्या फाएमा कंपनीच्या ई-६१ या इटालियन मशीनपासून. त्यात हाताच्या दांड्याऐवजी विजेचा पंप आला. आज तुमच्या खोक्यावर "१५ बार" असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, ती पंपाची कमाल ताकद आहे. १५ बार म्हणजे ९ पेक्षा भारी कॉफी, असं अजिबात नाही. बरेच जण हा आकडा बघूनच मशीन निवडतात, म्हणून सांगतोय.

आता पाणी त्या चकतीतून किती वेळात जाणार, हे कशावर ठरतं? दळण किती बारीक आहे त्यावर. जाड असेल तर पाणी भसकन निघून जातं, कॉफी आंबट आणि पातळ लागते. फार बारीक असेल तर थेंब थेंब पडते, कडू आणि जळकी लागते. म्हणजे चव दुरुस्त करायचं बटण मशीनवर नाहीच, ते ग्राइंडरवर आहे. ज्याच्याकडे ग्राइंडर नाही त्याच्याकडे ते बटणच नाही.

मग ताईंची कॉफी कधीकधी छान कशी व्हायची? इथे घरगुती मशीनची एक युक्ती समजून घ्या. या मशीनसोबत येणारी बास्केट बहुतेक वेळा दुहेरी तळाची असते. वरून नेहमीची जाळी, पण खालच्या तळाला टाचणीएवढं एकच भोक. दाब कॉफीमुळे न बनता त्या भोकामुळे बनतो. त्यामुळे कसलीही पावडर टाका, वर फेस येतोच, आणि बघणाऱ्याला वाटतं, वा, क्रेमा आला! घरी रविवारी पाहुण्यांसाठी ही सोय चांगली आहे. पण यात एका मर्यादेपुढे चव सुधारत नाही, आणि पाकीट उघडून चार-पाच दिवस झाले, त्यात पावसाळी हवा लागली, की चव घसरतेच. ताईंची "छान" कॉफी म्हणजे नवीन पाकिटाची कॉफी होती, एवढंच.

पैसे कोणत्या क्रमाने घालायचे

पहिला ग्राइंडर. पात्याचा, मिक्सरसारखा नको. त्यात अर्धी पूड आणि अर्धे कण होतात. दोन दातेरी चकत्यांमध्ये दाणा भरडणारा, बर ग्राइंडर म्हणतात तो हवा, आणि तो एस्प्रेसोएवढं बारीक दळतो का, थोडं थोडं बारीक-जाड करता येतं का, हे घेण्याआधी विचारा. फिल्टर कॉफीसाठी चांगले असलेले काही ग्राइंडर एस्प्रेसोला कमी पडतात. हाताने फिरवायचे स्वस्त आणि चांगले मिळतात, घरी चार कपांना झकास. पण काउंटरवर संध्याकाळी वीस कप हाताने दळून बघा, मग मला फोन करा.

दुसरी, एकेरी तळाची बास्केट, आणि जमलं तर खालून पूर्ण उघडा असलेला पोर्टाफिल्टर, म्हणजे ते हँडल हो. तळ उघडा असला की कॉफी कुठून कशी पडतेय ते डोळ्यांना दिसतं. एका बाजूने चिळकांडी उडाली तर समजा, पावडर सारखी पसरलेली नाही. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या पोरांना मी यावरच शिकवतो, कारण चूक लपवता येत नाही. फक्त माप आधी मोजा. काही मशीनचं माप ५१ मिलिमीटर असतं, काहींचं ५४, काहींचं ५८. मी एकदा ५१ च्या मशीनला ५८ चा टॅम्पर मागवला होता. तो आता दुकानात पेपरवेट आहे.

तिसरा, योग्य मापाचा धातूचा टॅम्पर आणि ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा. काट्याला लोक नाक मुरडतात. केक करताना मैदा अंदाजे टाकता का? नाही ना? मग कॉफी का? ५८ च्या बास्केटला सुरुवात साधारण १८ ग्रॅम कॉफी, कपात ३६ ग्रॅम एस्प्रेसो, वेळ २५ ते ३० सेकंद अशी करा. ५१ च्या बास्केटला १४ ग्रॅम आणि २८ ग्रॅम. वेळ कमी आला तर दळण बारीक, जास्त आला तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि दाणे घेताना पाकिटावर भाजल्याची तारीख बघून घ्या. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पावडर यात टाकू नका, ती दक्षिणी फिल्टरमध्येच शोभते.

ताईंचं या सगळ्याचं बिल असं झालं: विजेचा ग्राइंडर २४,०००, हँडल आणि बास्केट २,६००, टॅम्पर ९००, काटा १,५००. एकूण २९,०००. कर्ज नाही, केकच्या पैशांतून.

मशीनच्या आत हात घालावा का?

याच्या पुढचं अपग्रेड म्हणजे मशीन उघडून त्यात बदल करणं. यात सगळ्यात गाजलेलं नाव गॅजिया क्लासिक. १९९१ पासून आहे हे मशीन. छोटा बॉयलर, ५८ मिलिमीटरचं हँडल, आतली रचना इतकी सुटसुटीत की जगभर हौशी लोक ते उघडून बसलेले असतात. दोन बदल मुख्य. एक, जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हची, म्हणजे ओपीव्हीची स्प्रिंग बदलून दाब ९ बारवर आणणं. हे काम स्वस्त आहे. दुसरा, पीआयडी बसवणं. साध्या मशीनमध्ये थर्मोस्टॅट असतो, इस्त्रीसारखा: गरम झालं की बंद, थंड झालं की चालू. मधल्या काळात पाण्याचं तापमान बरंच वरखाली होत राहतं, म्हणून लागोपाठच्या दोन कपांची चव वेगळी लागते. पीआयडी हे तापमान ठरवलेल्या अंशाजवळ धरून ठेवतो.

माझं मत विचाराल तर, घरी हौसेने करा, काउंटरवर जरा थांबा. २३० व्होल्ट आणि पाणी एकाच डब्यात आहेत. चुकलं तर शॉक तुम्हाला किंवा कामावरच्या मुलीला बसणार. करायचंच असेल तर अर्थिंग तपासून, जाणत्या माणसाकडून करून घ्या, आणि वॉरंटी गेली असं धरूनच चाला. तशीही अनेक घरगुती मशीनच्या वॉरंटी कार्डावर "फक्त घरगुती वापरासाठी" असं लिहिलेलं असतं. दुकानात वापरता म्हटलं की विषय संपला. कार्ड एकदा नीट वाचा.

पीआयडी नसताना फुकटात काय करता येतं? मशीन आणि हँडल वीस मिनिटं आधी गरम करा. पहिल्या कपाआधी कॉफी न घालता एक रिकामा शॉट सोडा, त्याच गरम पाण्याने कपही गरम होतो. एवढ्याने बराच फरक पडतो.

पाण्याचं मात्र टाळू नका. आपल्याकडे बोअरचं पाणी म्हणजे बादलीला पांढरा थर. तोच थर बॉयलरच्या आत बसतो, पाणी नीट गरम होत नाही आणि एक दिवस वाफच येत नाही. लोक म्हणतात मशीन गेलं. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, १५० च्या आसपासचं पाणी कॉफीला आणि मशीनला दोघांनाही मानवतं. आरओचं पाणी अगदीच कोरं येत असेल तर थोडं नळाचं गाळलेलं पाणी मिसळून आकडा जुळवा. क्षार काढायला मशीनच्या पुस्तिकेत सांगितलेलंच द्रावण वापरा. ॲल्युमिनियमच्या बॉयलरला व्हिनेगर आणि जालीम ॲसिड खाऊन टाकतं.

आता खरी अडचण: दूध

इथपर्यंत वाचून वाटेल, मग मोठं मशीन कशालाच नको. तसं नाही. घरगुती मशीनची भिंत आहे, फक्त ती चवीत कमी आणि वेळेत जास्त आहे.

आपल्याकडे नुसती एस्प्रेसो पिणारे किती? दिवसाला एखादा. बाकी सगळ्यांना कॅपुचिनो, म्हणजे दूध, म्हणजे वाफ. घरगुती मशीनमध्ये कॉफीचं पाणी आणि वाफ एकाच जागी तयार होतात. कॉफीला नव्वदच्या वर थोडं पुरतं, वाफेला १३० च्या पुढे जावं लागतं. म्हणून शॉट काढायचा, वाफेचं बटण दाबून थांबायचं, दूध फेसायचं, मग परत थंड करायला पाणी सोडायचं, मग पुढचा कप. घाई करून गरम मशीनवर शॉट काढला तर कॉफी जळते. ताईंच्या काउंटरवर मी मोबाइलवर वेळ लावली: एका कॅपुचिनोला पाच मिनिटं. म्हणजे तासाला बारा. तेराव्याला उभं राहावं लागणार.

मोठ्या मशीनमध्ये एक तर दोन बॉयलर असतात, किंवा वाफेच्या बॉयलरमधून नळी फिरवून कॉफीचं पाणी जाता जाता तापवतात, त्याला हीट एक्स्चेंजर म्हणतात. दोन्हीत कॉफी आणि वाफ एकाच वेळी मिळते. मोठ्या मशीनचे खरे पैसे या वेळेसाठी असतात. घरगुती मशीनचा पंपही सलग तासन्‌तास चालायला बनवलेला नसतो, अधूनमधून विश्रांती लागते, आणि टाकी भरणं, ट्रे ओतणं हे सारखं चालूच.

म्हणून मी ताईंना म्हटलं, "दोन आठवडे एक वही ठेवा. किती कप विकले ते नाही, ते तुम्हाला माहीत आहे. किती जण थांबून कंटाळून परत गेले ते लिहा. आणि किती कप नावडले म्हणून बदलून दिले ते."

वही आली. रोजचे सरासरी १८ कप. दोन आठवड्यांत परत गेलेले २२, त्यातले १९ शनिवार-रविवारचे. बदलून दिलेले कप ९. आता बघा, हा कागद कोटेशनपेक्षा किती बोलका आहे.

एका कपाचा हिशोब त्यांच्याच भावाने मांडला: कॉफी १४ ग्रॅम, किलोला ९०० रुपये, म्हणजे १२.६०. दूध १५० मिली, लिटरला ६४, म्हणजे ९.६०. कप, झाकण, साखर ५ रुपये. एकूण २७.२०. विक्री ७०. हातात ४२.८०. यातूनच गाळ्याचं भाडं आणि लाइट बिलही जायचंय, हे विसरू नका.

१ लाख ८५ हजारांचं कर्ज, १४ टक्के, २४ महिने: हप्ता साधारण ८,८८० रुपये. आता नेहमीची चूक कोणती होते? लोक म्हणतात, रोजचे १८ कप, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ४६८ कप, गुणिले ४२.८०, वीस हजार आले, हप्ता आरामात निघतो! अहो, पण ते १८ कप तर जुन्या मशीनवरही विकले जात होतेच की. नव्या मशीनच्या नावावर फक्त जास्तीचे कप लिहायचे. परत जाणारे आठवड्याला ११, चार आठवड्यांचे ४४, गुणिले ४२.८० म्हणजे १,८८३ रुपये. हप्ता ८,८८० चा. महिन्याला सात हजार केकच्या गल्ल्यातून जाणार होते.

हप्ता फिटायला किती जास्तीचे कप लागतात? ८,८८० भागिले ४२.८०, म्हणजे २०८ कप. रोजचे आठ. हा आकडा मी ताईंना वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावला. ज्या महिन्यात रोज आठ माणसं खरोखर परत जाऊ लागतील, त्या महिन्यात मोठं मशीन घ्या, मी स्वतः येतो कोटेशन फोडायला.

ग्राइंडर आल्यावर पहिला आठवडा वैतागाचा गेला. "सर, आधीच बरं होतं, आता तर शॉट पंधरा सेकंदांतच संपतोय!" पावसात हवा दमट, दाणे बदलले, रोज सकाळी दळण जुळवायला दोन-तीन शॉट वाया. ते शॉट खर्चात धरा, कपाळाला हात लावू नका. दोन महिन्यांनी रोजचे कप १८ वरून २५ झाले. सगळं श्रेय ग्राइंडरचं असं मी म्हणणार नाही, मधल्या काळात कॉलेजंही सुरू झाली होती. पण बदलून द्यावे लागणारे कप जवळजवळ बंद झाले, हे नक्की. सात जास्तीचे कप, २६ दिवस, १८२ कप, म्हणजे ७,७९० रुपये. २९,००० चार महिन्यांच्या आत वसूल.

शनिवार-रविवारच्या गर्दीसाठी त्यांनी नात्यातल्या एकांकडे पडून असलेलं दुसरं घरगुती मशीन सात हजारांना घेतलं. त्यावर फक्त वाफ. पहिल्यावर फक्त शॉट. दिसायला जुगाड आहे, पण थांबणं निम्म्यावर आलं. एकच काळजी घेतली: दोन्हींना वेगवेगळे १६ अँपिअरचे सॉकेट. एका एक्स्टेंशन बोर्डावर दोन मशीन लावली तर वायर वितळते, आणि हे मी ऐकीव सांगत नाहीये.

आणि ज्यांच्या वहीत आठचा आकडा आधीच आलाय, त्यांनी कोटेशनच्या मागच्या बाजूला हे प्रश्न लिहून विकणाऱ्याला विचारावेत. किती वॅट, सिंगल फेज की थ्री फेज? माझ्या मीटरला मंजूर लोड पुरतो का? पाणी टाकीचं की थेट नळाचं? सर्व्हिसचा माणूस कुठून येतो, पुण्याहून की मुंबईहून, आणि येण्याचे किती घेतो? ग्रुपचं रबरी गॅस्केट आणि शॉवर स्क्रीन तुमच्याकडे आज स्टॉकमध्ये आहे का, दाखवा. शेवटच्या प्रश्नाला जो कपाटाकडे वळतो त्याच्याकडून घ्या. जो "मागवून देऊ" म्हणतो त्याच्याकडून चहा पिऊन निघा.

ताईंच्या वहीत सध्या रोजचे परत जाणारे तीन ते चार आहेत. पतसंस्थेला त्यांनी कर्ज उचलत नाही असं कळवलंय. पण परवाच फोन आला, जुन्या मशीनचं हँडल आता पूर्ण उजवीकडे फिरतंय आणि कडेने पाणी गळतंय. गॅस्केट संपलंय, दुसरं काही नाही. ते घरच्या घरी कसं बदलायचं, हे पुढच्या व्हिडिओत ताईंच्याच काउंटरवरून दाखवतो.